पहिल्या ट्रकचा नारळ

सुज्ञ वाचकहो, इनामदार घराण्याच्या या दीर्घ कथेत आजवर आपण जन्म पाहिले, लग्ने पाहिली, आणि मागील प्रकरणी मोरेश्वररावांना अखेरचा निरोपही दिला. प्रस्तुत प्रकरणात कोणी जन्मणार नाही व कोणी मरणारही नाही. यात केवळ एक नारळ फुटावयाचा आहे. तो कोणाच्या हाताने फुटावा, एवढ्या एका गोष्टीवरून त्या घरातील माणसे परस्परांत कशी बोलली, कोण कोणाच्या बाजूस गेले व कोण परत आले, हे मी यथामती निवेदन करणार आहे. विषय लहान वाटेल. परंतु घरे मोठ्या विषयांनी तुटत नाहीत आणि मोठ्या विषयांनी जोडलीही जात नाहीत, हे आपणांस मजहून अधिक ठाऊक आहे.

मिशिगन राज्याचा आकार माणसाच्या पंजासारखा आहे. तेथील माणसास त्याचे गाव विचारले, तर तो नकाशा काढीत नाही, आपला पंजा उभा धरतो आणि त्यावर बोट टेकवून म्हणतो, "इथे." एल्डनचे लोक अंगठ्याच्या पेरावर बोट टेकवतात. पाण्याची एक उंच टाकी, दोन चर्चे, एक उपाहारगृह, नुसताच पिवळा मिचकावणारा एक सिग्नल, आणि सभोवार क्षितिजापर्यंत सपाट काळी जमीन, असे ते गाव आहे. गावाच्या टोकाला साखर कारखाना. तेथे ऊस नाही. तेथे साखर बीटापासून होते. आपल्या कोशिंबिरीतले लालभडक बीट नव्हे, तर पांढरे, ओबडधोबड, मुळ्याच्या थोरल्या भावासारखे दिसणारे.

तेथील माणसे थोडे बोलतात. समोरून गाडी आली, की स्टिअरिंगवरचा हात न काढता एकच बोट उचलतात. त्यातच नमस्कार, क्षेमकुशल व हवामान सर्व येते. कोणी आजारी पडले, तर विचारपूस करीत नाहीत, मुकाट्याने त्याच्या दारातले बर्फ ओढून निघून जातात. जे मनात असते ते सरळ बोलणे त्यांना कोणाच्या घरात बूट घालून शिरण्यासारखे वाटते.

अशा गावात कोल्हापूरकडील एका सहकारी साखर कारखान्यातला तरुण केमिस्ट मोरेश्वर इनामदार आला, प्रयोगशाळेत लागला, आणि तेथलाच झाला. पहिल्याच हंगामाच्या सकाळी, गळीत सुरू व्हायच्या आधी, आपल्याकडची रीत म्हणून त्याने बीट उतरवून घेणाऱ्या यंत्राच्या काँक्रीटच्या पायावर एक नारळ फोडला. मागे ट्रक घेऊन उभ्या असलेल्या वॉल्ट नावाच्या शेतकऱ्याने काही न विचारता डोक्यावरची टोपी काढली. त्या वर्षी साखरेचा उतारा चांगला पडला. पुढच्या वर्षी वॉल्टने ट्रक धुऊन आणला, व त्याच्यामागे रांग लागली. नारळ फुटल्यावर सरलाबाई पहिल्या ट्रकला हळदकुंकू लावीत, मग जमलेल्या बायकांना. बायका टोप्या मागे सारून, कपाळ पुढे करून ओळीने उभ्या राहत. ही गोष्ट इतकी वर्षे चालली, की गावातल्या नव्या पिढीला ती आपल्याच पूर्वजांनी जर्मनीतून आणली असावी असे वाटू लागले होते.

आणि आता होळीच्या सुमारास मोरेश्वरराव गेले, आणि शरद ऋतू आला.

हंगामाच्या आदल्या दिवशी दुपारी सरलाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभ्या होत्या. बाहेर मेपलची पाने एकेक करून, घाई नसल्यासारखी उतरत होती. मोरेश्वरराव गेल्यापासून त्यांना दिवस असेच दिसत, पाण्याखालून पाहिल्यासारखे. सर्व काही हलते आहे, परंतु आवाज येत नाही. घर मात्र माणसांनी भरले होते. मिशिगनमधल्याच नोव्हाय शहराहून मुलगा विनय, सून आश्लेषा व नात रुही आली होती. ट्रॉय शहराहून अहिल्याबाईंना त्यांचा मुलगा राज सकाळीच सोडून गेला होता. अहिल्याबाई म्हणजे मोरेश्वररावांची थोरली बहीण. त्यांचे यजमान प्रभाकरराव वारल्याला वीसेक वर्षे झाली, तेव्हापासून त्या राजकडे राहत. पांढरे पातळ, रिकामे कपाळ, आणि ज्याला त्याला जागेवर बसवणारी जीभ.

बाजूच्या दाराला टकटक झाली. एल्डनमध्ये पुढच्या दाराने फक्त अनोळखी माणूस येतो. वर्ना आली होती, हातात एक मोठा भोपळा घेऊन. वर्ना ही वॉल्टची भावजय. नवरा तरुणपणीच अपघातात गेला, आणि तिने शेती एकटीने सांभाळली. भोपळा तिने टेबलावर ठेवला, जणू तो आपला आपणच चालत आला होता.

"ओल बरी आहे यंदा," वर्ना म्हणाली.

"बरी आहे," सरलाबाई म्हणाल्या.

"पहाटे धुकं पडेल म्हणतात."

"म्हणतात खरं."

कॉफी झाली. वर्ना उठली, दारापर्यंत गेली, "बरं तर," म्हणाली, आणि तेथील रीतीप्रमाणे कडी हातात धरून पुन्हा बराच वेळ उभी राहिली. नंतर बाहेरच्या झाडाकडे पाहत म्हणाली, "वॉल्टनं ट्रक धुतलाय."

"असं?"

"वॅक्सही केलं."

आणि ती गेली.

टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसलेल्या विनयने मान वर केली. "ही बाई एवढं लांब फक्त ट्रक धुतल्याचं सांगायला आली?"

"मला बोलवायला आली होती," सरलाबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"उद्या. नारळ फोडायला."

"वेट, व्हॉट?" जिन्यावर बसलेली रुही म्हणाली. "आजी, शी नेव्हर सेड दॅट!"

"इथे असंच म्हणतात गं."

"मग त्यांनी क्लिअरली विचारायचं ना," विनय म्हणाला. "आपण नाही गेलो तर? परत फोन करतील?"

"नाही करणार. रागावणारही नाहीत." सरलाबाईंनी भोपळ्यावरून हात फिरवला. "वॉल्ट थोडा वेळ थांबेल, मग ट्रक रिकामा करील. आणि पुढच्या वर्षी धुणार नाही. संपलं."

शेवटचा शब्द त्या इतक्या हळू बोलल्या, की तो फक्त आश्लेषाला ऐकू गेला. आश्लेषा नागपूरची, आयटीतली, आणि मनात आलेले ओठांवर येऊ देणारी. तिने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिला कळून चुकले, की या बाईला तेथे जायचे आहे. नवऱ्याच्या मागे या गावात आपण कोण, पाहुण्या की गावच्या, याचा निकाल उद्या सकाळी लागणार आहे, आणि तो दुसऱ्यांदा लागणार नाही.

मावळतीच्या आधीच सर्व जेवावयास बसली. एवढ्या लवकर जेवण्याची एल्डनची सवय सरलाबाईंना कधीच लागली होती.

"नारळ आणलाय ना गं?" अहिल्याबाईंनी विचारले.

"आणलाय, आत्या. इंडियन स्टोअरमधून, चांगला शेंडीचा बघून," आश्लेषा म्हणाली, आणि भात वाढता वाढता, सहज म्हणावे तसे पुढे म्हणाली, "उद्या आई फोडतील."

अहिल्याबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"मोरूला वर्ष झालं का?"

विनयने भात कालवायला घेतला.

"झालं का, विचारते."

"नाही, आत्या," विनय म्हणाला.

"मग? वर्षाच्या आत शुभकार्य? आणि नारळ बायकांनी फोडायचा असतो, हे कोणत्या शास्त्रात वाचलंत? तेही—" येथे त्या थांबल्या. परंतु जो शब्द त्यांनी उच्चारला नाही, तो टेबलावर मीठ सांडावे तसा सर्वांना दिसला.

"आमच्याकडे नागपूरला आता असलं कोणी मानत नाही," आश्लेषा म्हणाली.

"तुमच्या नागपूरला काय वाट्टेल ते होतं. तुम्ही संत्र्याचीसुद्धा बर्फी करता."

रुही फस्सकन हसली. आश्लेषाने हसू आवरले, पण माघार घेतली नाही. "बरं, नागपूर राहू द्या. तुमच्या कोल्हापूरकडच्याच एका गावानं ग्रामसभेत ठराव केला ना? विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सगळ्या पेपरांत आलं होतं."

"ठरावानं मनं बदलत असती, तर आमच्या कारखान्याचे डायरेक्टर एव्हाना संत झाले असते."

"एक मिनिट, एक मिनिट," विनय मध्ये पडला. "आर्ग्युमेंट कशाला? मी करतो ना हँडल. मुलगा आहे मी. बाबांच्या जागी मीच, ओके?"

"हे शहाण्यासारखं बोललास," अहिल्याबाई म्हणाल्या.

"विनय!" आश्लेषाने भाताचा डाव टेबलावर ठेवला. "मघाशी खोलीत तू काय म्हणालास मला? आईंनीच करावं, इट्स हर प्लेस, कोण म्हणालं?"

"म्हणालो मी. पण आत्या आहे ना. तिला हर्ट करून—"

"आणि आईंना हर्ट केलं तर चालतं? आणि तू फोडणार? गणपतीत नारळ फुटेना, म्हणून गराजमधून हातोडा आणला होतास, यार!"

"तो नारळ डिफेक्टिव्ह होता."

"हॅज एनीबडी आस्क्ड आजी?" रुही म्हणाली. "लाइक, ॲक्च्युअली आस्क्ड हर?"

सर्वांनी सरलाबाईंकडे पाहिले. वाचकहो, सर्वांनी एकदम पाहिले म्हणजे मनातले सांगता येतेच असे नाही. सरलाबाईंना डोळ्यांसमोर धुक्यातले पटांगण दिसत होते, टोपी घातलेले मोरेश्वरराव नारळ कानाशी धरून हलवीत होते, आणि वळून विचारीत होते, 'पाणी आहे ना गं भरपूर?' त्यांना म्हणायचे होते, मला जायचे आहे. इतकी वर्षे त्या माणसाच्या डाव्या बाजूस एक पाऊल मागे मी उभी राहिले आहे, आणि ते एक पाऊल मला आता पुढे टाकायचे आहे. परंतु समोर वन्सं बसल्या होत्या. आणि वन्संसमोर त्यांचे शब्द लग्न झाल्यापासून असेच घशाशी येऊन परतत.

"विनू फोडेल," त्या म्हणाल्या. "मी येईन. पण गाडीत बसेन."

टेबलाभोवतीच्या सर्वांना हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याची लाजही वाटली. अहिल्याबाई मात्र जिंकल्यासारख्या दिसल्या नाहीत. त्यांनी ताकाची वाटी पुढे ओढली आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही.

सकाळी धुके पडले. वर्नाने सांगितल्याप्रमाणेच पडले, आणि इतके दाट, की पाण्याची टाकी खांबावाचून नुसतीच आकाशात तरंगत होती. गाडी हळूहळू चालली होती. दोन्ही बाजूंची शेते नव्हतीच. होता तो दुधासारखा पांढरेपणा आणि त्यातून मधूनच वर येणारे एखादे धान्याचे कोठार, दुसऱ्याच्या स्वप्नात चुकून शिरलेले. कारखान्याचा गोडसर, मातकट वास काचा बंद असूनही आत आला. अर्ध्या गावाला त्या वासाचा कंटाळा येई. सरलाबाईंना तो वास म्हणजे रात्रपाळीवरून परतलेल्या नवऱ्याचा सदरा वाटे.

पटांगणात ट्रकांची रांग दिव्यांनिशी उभी होती. सर्वांत पुढे वॉल्टचा ट्रक, धुतलेला, वॅक्स केलेला, मागे बीटांचा डोंगर. पुरुष टोप्या हातात घेऊन उभे होते. बायकांची ओळही आपोआप लागली होती, तिच्या अग्रभागी वर्ना. विनय, आश्लेषा व रुही उतरली. दार लागले, आणि मागच्या सीटवर दोघी वृद्धा उरल्या.

"काच पूस," अहिल्याबाई म्हणाल्या. "वाफ धरते. मधूनमधून पुसावी लागते."

सरलाबाईंनी पदराने काच पुसली.

"इथून सगळं मूकपटासारखं दिसतं. नारळ फुटलेला दिसतो, आवाज येत नाही. मोरू पाणी शिंपडताना तोंडानं काहीतरी म्हणायचा. काय म्हणायचा गं?"

"काही नाही. वॉल्टला म्हणायचे, बाजूला हो, बूट भिजतील."

अहिल्याबाई हसल्या. हसणे लवकर संपले. "मला वाटायचं मंत्र म्हणतो. वीस वर्षं वाटत आलं."

"तुम्ही उतरायचं होतंत की, वन्सं. तुम्हीच म्हणायच्या, गाडीत बरं."

"मी म्हणायची?"

बाहेर विनयने नारळ वर उचलला होता. सरलाबाईंचे लक्ष तिकडे होते, पण अहिल्याबाईंच्या आवाजात असे काही होते, की त्या वळल्या.

"प्रभाकर गेले, त्या वर्षी मी उतरले होते," अहिल्याबाई समोर पाहत बोलू लागल्या. "असंच धुकं होतं. मी जाऊन त्या ओळीत उभी राहिले. वर्नाच्या मागे. तू ट्रकला लावलंस, वर्नाला लावलंस. मग माझ्यासमोर आलीस. माझ्याकडे बघितलंस, करंडा मिटलास, आणि म्हणालीस, 'वन्सं, तुम्ही थंडीत उभ्या कशाला? गाडीत बसा.'"

सरलाबाईंना ते आठवले. आठवले ते अगदी स्वच्छ, धुक्यातून ट्रक बाहेर येतो तसे. आपण केवढा प्रसंग सांभाळला, असे त्या दिवशी त्यांना वाटले होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलेही होते.

"मला वाटलं, तुम्हाला चालणार नाही. तुम्ही इतक्या कडक—"

"कडक होते, म्हणून ओळीत उभी राहिले होते का?"

सरलाबाईंनी एक हात कोटाच्या खिशात घातला.

"वर्नाचा नवरा गेलाय हे तुला ठाऊक नव्हतं?" अहिल्याबाईंनी विचारले.

"पहिल्या वर्षी नव्हतं. लावून बसले. मग कळलं. पण पुढच्या वर्षी तिला वगळायची कशी, वन्सं? सगळ्यांना लावायचं आणि तिला तेवढं नाही? तिला किती वाईट वाटलं असतं."

हे वाक्य तोंडातून गेले आणि सरलाबाईंना ते स्वतःलाच ऐकू आले.

"हो ना," अहिल्याबाई म्हणाल्या. "तिला वाईट वाटलं असतं."

काचेवर पुन्हा वाफ धरली. कोणी पुसली नाही. सरलाबाईंचा हात सीटवरून पुढे सरकला आणि वन्संच्या हातापाशी जाऊन थांबला. धरावा की नाही, हे त्याला कळेना. परक्याचे मन दुखू नये म्हणून रीत मोडली, आणि आपल्या माणसाचा मान राहावा म्हणून ती पाळली. दोन्ही वेळी आपण चांगलेच वागतो आहो, अशी खात्री होती.

"मग काल मला का अडवलंत?" त्यांनी अखेर विचारले.

"जळले. दुसरं काय? मला वीस वर्षं कोणी बोलावलं नाही, आणि तुला सहा-सात महिन्यांत अख्खं गाव ट्रक धुऊन बोलावतंय. म्हातारी झाले म्हणून माणूस जळायचं थांबतं का?" अहिल्याबाईंनी नाक पुसले. "वर्ष आणि शास्त्र सगळं नंतर आठवलं. आधी जळले."

इतक्यात बाहेर काही तरी घडले. अहिल्याबाईंनी घाईने काच पुसली. विनयने नारळ काँक्रीटवर हाणला होता. परंतु नारळ फुटला नव्हता. तो उडाला होता, टप्पा खाऊन घरंगळत वॉल्टच्या झगझगीत ट्रकखाली गेला होता, आणि रुही गुडघ्यांवर बसून त्याला बाहेर ओढीत होती. एवढी माणसे जमली होती, पण एकही हसले नाही. वॉल्ट आकाशाकडे पाहू लागला. त्याच्या मागचे सर्वही आकाशाकडे पाहू लागले, जेथे धुक्यावाचून पाहण्यासारखे काहीही नव्हते. गाडीकडे मात्र कोणीच पाहत नव्हते. आणि ज्या निश्चयाने ते पाहत नव्हते, त्यावरून सरलाबाईंना कळले, की ते सारे आपलीच वाट पाहत आहेत.

"डिफेक्टिव्ह म्हणेल हाही," अहिल्याबाई पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "कोटाच्या खिशात काय आहे तुझ्या? मघापासून हात तिथंच आहे."

सरलाबाईंनी खिशातून हात बाहेर काढला. हातात करंडा होता.

"म्हणजे मनातून यायचंच होतं."

"हो," सरलाबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून वन्संसमोर घशातून परत न गेलेला हा पहिलाच शब्द असावा. त्यांनी करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवले, आणि वन्संच्या कपाळाकडे नेले.

अहिल्याबाईंनी त्यांचे मनगट धरले. "इथे नको."

"वन्सं—"

"गाडीत लपून नको. माझी जागा ओळीत आहे. तिथे ये."

आणि त्या उतरल्या. गुडघे धरलेले, पातळावर राजचे जाड जॅकेट, डोक्याला मफलर, अशा त्या धुक्यातून सरळ चालत गेल्या आणि वर्नाच्या मागे उभ्या राहिल्या. वर्नाच्या मागे जी बाई उभी होती, ती काही न बोलता एक पाऊल मागे सरकली. तिच्या मागचीही सरकली. असे करीत सर्व ओळच मागे सरकली.

सरलाबाई यंत्रापाशी आल्या. "दे रे," त्यांनी विनयला म्हटले.

"आई, आत्या काय म्हणेल?"

"विनू, वेंधळ्या, दे तो नारळ तिला!" ओळीतून आवाज आला. "आणि सरला, शेंडी मुठीत धर आणि आडवा मार! याच्यासारखा चेंडू नको खेळू!"

विनय आत्याकडे, आत्याकडून आईकडे, आणि शेवटी बायकोकडे पाहत राहिला. आश्लेषाने त्याच्या हातातून नारळ काढून सासूच्या हाती दिला.

सरलाबाईंनी तो कानाशी धरून हलवला. आतून पाणी बोलले. धुक्याला त्या क्षणी कडा नव्हत्या. ट्रक, माणसे, कारखान्याची वाफ, सारे एकात एक मिसळले होते, आणि त्यात कोठेही टोपी घातलेला एक माणूस उभा असणे अगदीच शक्य होते. परंतु त्यांनी त्याला शोधले नाही. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि हात खाली आणला.

नारळ एका घावात दुभंगला. पाणी काँक्रीटवरून ओघळून वॉल्टच्या बुटांखाली गेले. तो हललाच नाही. टोप्या पुन्हा डोक्यांवर चढल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण एल्डनमध्ये तसे करीत नाहीत. फक्त मागच्या कुठल्याशा ट्रकचा भोंगा एकदाच, अगदी हळू वाजला.

सरलाबाईंनी ट्रकला हळदकुंकू लावले. वर्नाला लावले. मग त्या वन्संच्या समोर आल्या.

अहिल्याबाईंनी मफलर मागे सारला आणि डोळे मिटले. त्या कपाळावर आता पुष्कळ सुरकुत्या होत्या. कुंकू कोठे लावावे हे कळेना. टिळा वाकडा आला.

"वन्सं, माझं चुकलं. मला त्या वेळी—"

"पुढे बघ," अहिल्याबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मागे ओळ आहे."

सरलाबाई पुढे गेल्या. एकेक कपाळ समोर येत गेले. तरुण, वृद्ध, उन्हाने रापलेले, ठिपक्याठिपक्यांचे. शेवटी आश्लेषाला लावले, रुहीला लावले. ओळ संपली आणि करंडा हातात राहिला. वर्नाने सरलाबाईंच्या रिकाम्या कपाळाकडे पाहिले, व लगेच दुसरीकडे पाहिले. तिच्या मनात काय होते ते ती शंभर वर्षांतही बोलली नसती.

ते अहिल्याबाई बोलल्या. "आण इकडे," म्हणून त्यांनी करंडा हिसकावून घेतला. "वाक खाली. ताडासारखी उभी काय?"

सरलाबाई वाकल्या. अहिल्याबाईंनी चिमूट भरली. वीस वर्षे त्या हाताने कुंकू उचलले नव्हते, चिमटीचा अंदाज राहिला नव्हता. टिळा कपाळावर उठला, पण निम्मे कुंकू नाकावर, गालावर आणि कोटाच्या कॉलरवर सांडले. "अय्या," आश्लेषा म्हणाली, "नाकावर पडलं!" सरलाबाईंनी हसत, डोळे मिचकावीत, पदराचे टोक नाकाकडे नेले.

अहिल्याबाईंनी ते मध्येच धरले.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पुसू नकोस."

वॉल्टने ट्रक सुरू केला, यंत्राचा पट्टा हलला, आणि पांढरी, मातीने माखलेली बीटे गडगडत खाली येऊ लागली.

येथे हे प्रकरण मी थांबवितो. लेखनात जेथे माझी भाषा थिटी पडली असेल, तेथे आपल्या घरातील एखादी वडीलधारी स्त्री आठवून ती उणीव आपण भरून काढावी, ही प्रार्थना. आपला मोलाचा वेळ या सामान्य माणसाच्या अक्षरांना दिलात, याबद्दल सर्व वाचक बंधुभगिनींचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
श्रीराम दत्तोबा मांगलेकर